बोट धक्क्याला लागावी, माणसाला नाही

दिवाळीत भिवंडीतले माग थांबतात. कामगार गावाला गेलेले असतात, गल्ल्या अचानक मुक्या होतात, आणि लूमच्या खडखडाटातच लहानाचे मोठे झालेल्या आमच्यासारख्यांची झोप उडते. आम्हाला आवाजाने जाग येत नाही, आवाज थांबला की येते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जहाजावर याचा संबंध आला.

अशाच मुक्या दिवसांत धाकट्या भावाने जाहीर केलं की, आईला घेऊन मुंबई-गोवा क्रूझला जायचं. नोव्हेंबर उजाडला की अरबी समुद्र निवळलेला असतो आणि माग बंद असल्याने घरची माणसंही मोकळी असतात. आई मूळची देवगडची, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिने एकच प्रश्न विचारला, "ही बोट देवगडाक थांबतली?"

नाही थांबत. जुनी कोकणबोट आणि आजची क्रूझ यांच्यातला सगळा फरक त्या एका प्रश्नात आहे. बोट बंदरासाठी होती. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी ती थांबत थांबत पणजीला जायची. बऱ्याच ठिकाणी धक्का नसल्यामुळे भर समुद्रात शिडी उतरून होडीत उडी मारायची, आणि ट्रंक, वळकटी, कोंबड्या, पोरं एकामागून एक हातोहात खाली जायची. पावसाळ्यात सेवा बंद. १९८०चं दशक सरता सरता ती कायमचीच बंद झाली. क्रूझचं उलटं आहे. इथे माणूस बंदरासाठी नाही, जहाजासाठी तिकीट काढतो, गोवा हे निमित्त. हे एकदा पचलं की बाकीचं रुळणं सोपं जातं. आमच्या आईला ते शेवटपर्यंत पचलं नाही, पण जहाजावर सगळ्यांत आधी रुळली तीच.

मराठीत 'बोट लागणे' या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ आहेत. बोट धक्क्याला लागते आणि बोट माणसालाही लागते, एसटी लागते तशी. पहिल्या लागण्याची काळजी कप्तान करतो. दुसऱ्या लागण्याची आपण करायची, आणि तीही तिकीट काढतानाच, हे आम्हाला उशिरा कळलं.

भावाने खोली घेतली ती नाळेकडची, अगदी पुढची, शिवाय वरच्या डेकवर. "समोर समुद्र दिसेल," म्हणाला. जहाज लाटेवर पुढेमागे झुलतं तेव्हा मधला भाग जवळपास जागेवर राहतो आणि दोन्ही टोकं वरखाली होतात. डावी-उजवीकडचा झोल जितकं वर जावं तितका जास्त. एसटीतली मागची सीट आठवा, म्हणजे पुस्तक वाचायची गरज नाही. ज्याला गाडी लागते त्याने जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकची खोली घ्यावी. गंमत म्हणजे ती बहुधा स्वस्तही असते. खिडकी नसलेली आतली खोली सर्वांत स्वस्त, मग गोल किंवा चौकोनी बंद खिडकीची, मग गॅलरीची. पण आतल्या खोलीत क्षितिज दिसत नाही, आणि क्षितिज हेच बोट लागण्यावरचं पहिलं औषध आहे.

कारण असं. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. त्यांतल्या द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला कळतं की डोकं हलतंय. बंद खोलीत डोळे सांगतात की भिंत स्थिर आहे, कान सांगतो की सगळं डोलतंय. दोन साक्षीदार परस्परविरुद्ध बोलायला लागले की मेंदू गोंधळतो आणि त्याचा राग पोटावर निघतो. उघड्या डेकवर येऊन लांब क्षितिजाकडे पाहिलं की डोळ्यांची साक्ष कानाशी जुळते. मोबाईलच्या पडद्यात तोंड खुपसलं की आणखी बिनसतं. आजच्या मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंनी माशाच्या परांसारखे पंख असतात. ते डावी-उजवीकडचा झोल बराच मारतात, पुढेमागे झुलणं मात्र त्यांना थांबवता येत नाही. म्हणून नाळेकडची खोली ही नाळेकडची खोलीच राहते.

औषधाचंही तसंच. उलटीवरची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची असते. वहिनीने ती रात्रीच्या जेवणात पहिली मळमळ झाल्यावर घेतली आणि गोळी सुपासकट परत आली. या गोळ्यांनी झोप येते, आणि रक्तदाबाची किंवा दुसरी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. आईने गोळी घेतली नाही. आल्याचा तुकडा तोंडात धरला आणि वाऱ्याला जाऊन बसली. "माका बोट लागना नाय," हे वाक्य ती दोन दिवसांत निदान दहा वेळा म्हणाली असेल.

जहाज सुटतं मुंबई बंदरातून, बॅलार्ड पिअरला. पूर्वी विलायतेच्या टपालबोटी लागायच्या तोच हा धक्का. तिथे आता नवं क्रूझ टर्मिनल झालं आहे. २०२५ मध्ये ते सुरू झालं, एका वेळी पाच जहाजं लागू शकतील आणि वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळता येतील अशी त्याची रचना आहे. भिवंडीकराला तिथे पोहोचायचं म्हणजे अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी या गोदामांच्या रांगेतून ठाणे गाठायचं. कंटेनरच्या रांगेत अडकलात तर समुद्र फार लांब आहे असं वाटू लागतं. जहाज कुणासाठी थांबत नाही, आणि चढण्याची वेळ सुटण्याच्या बरीच आधी संपते. आम्ही सरळ लोकलने सीएसएमटी आणि पुढे टॅक्सी केली. मोठ्या बॅगा टर्मिनलवर चिठ्ठी लावून द्यायच्या, त्या परस्पर खोलीच्या दाराशी येतात, पण कधीकधी तीनचार तासांनी. म्हणून औषधं, ओळखपत्र, चार्जर आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत हवा. आईने घरून आणलेले लाडू मात्र तपासणीत अडले. घरी शिजवलेलं खाणं जहाजावर चढू देत नाहीत, हे नियमांच्या कागदावर होतं, पण आमच्याकडे तो कागद कुणी वाचतो का?

भिवंडीचं आणि जहाजांचं नातं मात्र गोदामांहून जुनं आहे. वसईच्या खाडीतून आत कामवारी नदीपर्यंत गलबतं यायची. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आलं आणि शिवाजी महाराजांनी आपली पहिली जहाजं बांधायला काढली ती याच खाडीकाठी. रुई लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह या कामावर होता. वसईच्या पोर्तुगीजांना धास्ती बसली आणि त्यांनी त्याला फितवून माणसांसकट पळवलं. काम तरी थांबलं नाही, आणि पुढे काय आरमार उभं राहिलं ते सर्वांना ठाऊक आहे. त्याच खाडीवर आज रेतीच्या होड्या आणि पुलांवरची कोंडी दिसते.

आणखी एक धागा हजचा. आमच्या शेजारी राहणाऱ्या कोकणी मुसलमान कुटुंबात आजोबांच्या हजच्या बोटीच्या गोष्टी अजून सांगतात. मुंबईहून जेद्दाला जहाजाने जायचं, आठवडाभर पाण्यावर, डेकवर नमाज, डेकवरच जेवण. हे प्रवासी नेणाऱ्या मुघल लाइनकडेच पुढे कोकणच्या बोटीही आल्या. जहाजाने हज १९९५ पर्यंत चालू होतं. म्हणजे भिवंडीत क्रूझ हा शब्द नवा असला, तरी जहाजावर चार दिवस काढणारी माणसं नवी नाहीत.

असो. जहाजावर पाऊल ठेवल्यावर आधी काय करायचं? सगळे धावतात ते बुफेकडे. मी सांगेन, आधी खोलीचं कार्ड नीट बघा. त्यावर एक अक्षर किंवा आकडा असतो: संकटात तुम्ही कुठे जमायचं ती जागा. जहाज सुटण्यापूर्वी त्या जागेचा सराव होतो. सात आखूड भोंगे आणि एक लांब, ही ती खूण. आमच्या भावाला हा वेळेचा अपव्यय वाटला. त्याला मी कोस्टा कॉन्कॉर्डियाची गोष्ट सांगितली. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ते इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता, कारण तेव्हाच्या नियमात तो २४ तासांत कधीही घेतला तरी चालत असे. २०१५ पासून नियम बदलला: सराव सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर. मुळात हे सगळे नियम टायटॅनिकनंतर १९१४ साली लिहायला घेतलेले आहेत. समुद्रावरचा जवळपास प्रत्येक नियम कुणाच्या तरी बुडण्यातून आला आहे.

आईला मात्र टायटॅनिक सांगावी लागली नाही. कोकणातल्या तिच्या पिढीला 'रामदास' पुरेशी आहे. १७ जुलै १९४७ ची सकाळ, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, भर पाऊस, आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. स्वातंत्र्याला एक महिना उरला होता. आईने लाइफ जॅकेटचे पट्टे कसे आवळायचे ते दोनदा करून घेतलं आणि शेजारच्या सूरतच्या कुटुंबालाही करायला लावलं.

जहाजावर हरवणं हा पहिल्या दिवसाचा ठरलेला कार्यक्रम असतो. लांब बोळ, दोन्हीकडे सारखी दारं, खिडकी नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुरतं. खोलीच्या क्रमांकातला पहिला आकडा म्हणजे डेक. आणि बहुतेक जहाजांवर सम क्रमांक एका बाजूला, विषम दुसऱ्या बाजूला असतात. मग नाळ कुठे आणि पिछाडी कुठे एवढं कळलं की झालं. आमच्या खोलीपासून जेवणघर पिछाडीला होतं. दोनशे मीटरचं जहाज म्हणजे आमच्या गल्लीपासून नाक्यापर्यंत जाऊन यावं तेवढं चालणं, दर जेवणाला. चांगल्या चपला न्या, नव्या नकोत.

मुंबई-गोवा मार्गावर २०२१ पासून जाणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' साधारण एवढ्याच लांबीचं आहे. फ्रान्समधल्या सेंट-नाझेरच्या गोदीत बांधलेलं, १९९० मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' नावाने निघालेलं हे जहाज. त्याची नोंद ४८ हजार टनांच्या वर आहे. इथे लोक फसतात. हे टन वजनाचे नाहीत. जहाजाच्या आत किती बंदिस्त जागा आहे त्याचं ते माप आहे, बाजारात ताग्याची लांबी मोजतात, वजन नाही, तसं. त्यामुळे तेवढ्याच टनांची मालबोट आणि प्रवासी बोट वजनाला सारखी असेलच असं नाही.

खोली लहान. पण नीट पाहिली तर तिच्यात जहाज दिसतं. न्हाणीघराचा उंबरठा घोट्याएवढा उंच असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. पहिल्या दिवशी सगळे तिथे ठेचकाळतात. भिंती बहुधा पोलादी, त्यांना लोहचुंबकाचे हुक चिकटतात. असे चारसहा हुक घेऊन गेलात तर ओले टॉवेल आणि पिशव्या टांगायचा प्रश्न सुटतो. इस्त्री, किटली, घरचा एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका, काढून घेतात. समुद्रात आग हे पाण्यापेक्षा मोठं भय आहे, आणि मागांच्या शेडमध्ये शॉर्टसर्किट पाहिलेल्या भिवंडीकराला ते समजावून सांगावं लागू नये. संडास हवेच्या ओढीवर चालतो, विमानातल्यासारखा. झाकण लावून बटण दाबा, आणि त्यात कागदाशिवाय काही टाकू नका. एका खोलीत टाकलेल्या फडक्याने शेजारच्या कित्येक खोल्यांचा संडास बंद पडू शकतो, कारण नळ एकच. नळाला येणारं पाणी बहुधा जहाजावरच समुद्राच्या पाण्यापासून बनवलेलं असतं.

जेवणाबद्दल फार सांगत नाही, ते सगळे सांगतात. जैन जेवण असतं, पण तिकिटाच्या वेळीच कळवा. बुफेच्या तोंडाशी हात धुवायची सोय असते ती शोभेची नाही. बंदिस्त जागेत हजार-दोन हजार माणसं एकाच डावाने वाढून घेतात तिथे पोटाची साथ फार लवकर पसरते.

मोबाईलबद्दल मात्र एक इशारा. किनारा मागे पडला की आपलं नेटवर्क जातं आणि फोन जहाजावरच्या उपग्रहाच्या नेटवर्कला आपोआप जोडला जाऊ शकतो. त्याचं बिल वेगळं आणि जबर असतं. सुटताना फोन विमान मोडवर टाका, गोव्याला काढा.

संध्याकाळी जहाज सुटलं. कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्स दीपगृह उजवीकडे गेलं. १८७५ पासून ते तिथे उभं आहे. मग डावीकडे लांबवर खांदेरी. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे जे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग असे चार जलदुर्ग आहेत, आणि चारही या वाटेवर. त्यातला दिसला एकच, तोही धूसर. क्रूझ किनाऱ्यापासून बरीच आत समुद्रात आणि रात्रीची जाते. हर्णै, दाभोळ, रत्नागिरी कधी गेली कळलंच नाही. २०१८ मध्ये 'आंग्रिया' नावाची एक क्रूझ मुंबई-गोवा सुरू झाली होती. कान्होजी आंग्र्यांचं आणि विजयदुर्गासमोर शंभरएक किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँक या प्रवाळांच्या उथळाचं नाव तिला दिलेलं. तीही फार टिकली नाही. नाव कोकणचं, पण कोकणात थांबणारी क्रूझ अजून नाही. मला हे खटकतं. आई तर रात्री अकरापर्यंत डेकवर उभी होती. वाऱ्याने शाल उडत होती, आत डीजे चालू होता, आणि ती पूर्वेच्या अंधाराकडे बघून म्हणत होती, "हेच्या मागे खंयतरी देवगड."

आमच्या खोलीची व्यवस्था पाहणारा मुलगा मडगावचा निघाला. आश्चर्य नाही. विलायती कंपन्यांच्या जहाजांवर स्वयंपाकघर आणि जेवणघर पिढ्यान्‌पिढ्या गोव्याच्या माणसांनी सांभाळलं, आणि डेकवरचं काम रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमानांनी. सारंग आणि तांडेल हे आपले शब्द इंग्रजांच्या जहाजांवर हुद्द्यांची नावं म्हणून चालले. धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या एकेका गावाच्या 'कुड' आहेत, नोकरीची वाट पाहणारे खलाशी तिथे स्वस्तात राहायचे. त्या मुलाच्या आजोबांनीही तिथे दिवस काढलेले. आई त्याच्याशी मालवणीत बोलू लागली, तो कोकणीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खोलीत न मागता गरम पाण्याचा थर्मास आला. क्रूझवर रुळण्याचा हा उपाय कुठल्याही पत्रकात लिहिलेला नसतो.

मुंबई ते मुरगाव समुद्रमार्गे सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, आणि तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. पंधरा नॉटने निघालेलं जहाज तासाला साधारण अठ्ठावीस किलोमीटर जातं, म्हणजे पंधरा तास. मानकोलीची कोंडी नसेल तेव्हा आमचा टेम्पो याहून वेगात जातो. पण पंधरा तास इंजिनाचा एकच सूर पायांखालून येत राहतो, आणि त्या सुराने मला घरी दिवाळीत लागली नाही इतकी गाढ झोप लागली.

सकाळी अचानक जाग आली. काय झालं ते क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, सूर उतरला होता. बाहेर येऊन पाहिलं तर जहाज मंदावलं होतं आणि एक लहान लाँच बाजूला येऊन चिकटली होती. तिच्यातून एक माणूस दोराच्या शिडीने वर चढला. तो पायलट, बंदराचा वाटाड्या. कप्तानाला सगळे समुद्र ठाऊक असले तरी मुरगावचा गाळ, ओहोटी, खडक हे तिथल्या माणसालाच माहीत. म्हणून बहुतेक मोठ्या बंदरांत शिरताना आणि निघताना स्थानिक पायलट घ्यावाच लागतो. हलत्या शिडीने चढणं हे त्याच्या कामातलं सर्वांत धोक्याचं. आईने त्याला पाहिलं आणि म्हणाली, आम्ही तशाच शिडीने उतरायचो, लुगडं नेसून.

परतीच्या रात्री एक चूक टाळा. मोठ्या बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या असतात. वहिनीने शिस्तीत सगळं भरून ठेवलं, सकाळी घालायचे कपडेसुद्धा. ती बॅलार्ड पिअरला नाइटगाऊनवर शाल गुंडाळून उतरली.

घरी आल्यावर दोन दिवस स्वयंपाकघरातली जमीन डोलत होती. समुद्राच्या डोलण्याला सरावलेला मेंदू लगेच सवय सोडत नाही. बहुतेकांना हे एकदोन दिवसांत थांबतं, आठवडे राहिलं तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावं. माग पुन्हा सुरू झाले होते, त्यामुळे झोप छान लागली.

ज्यांना आपल्याला बोट लागते की नाही हे ठाऊकच नाही, त्यांनी क्रूझचे पैसे भरण्याआधी एक करावं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मार्च २०२० पासून रो-रो बोट जाते, साधारण तासाभराची. एका रविवारी तिने जाऊन या. लागलीच, तर अलिबागहून एसटीने परत येता येतं. मागची सीट मात्र घेऊ नका.